सोलापूर जिल्ह्यात शेती सुरू करताना : संशोधनाचा सल्ला कोठे मिळतो आणि तो आपल्या रानाला कसा लावावा

सोलापूर जिल्ह्यात नव्याने शेतीला लागलेल्या माणसाला सल्ल्याची टंचाई भासत नाही. कृषी सेवा केंद्राचे दुकानदार, शेजारचे बागायतदार, रोपवाटिकेचे प्रतिनिधी, साखर कारखान्याचे उसाच्या नोंदी ठेवणारे चिटबॉय आणि मोबाइलवर येणाऱ्या चित्रफिती असे सगळेच काही ना काही सांगत असतात. त्यांपैकी पुष्कळ जण प्रामाणिकपणेच सांगत असतात. अडचण एवढीच की, त्यांचे सांगणे ज्या रानात खरे ठरलेले असते ते रान आपले नसते. उजनीच्या कालव्याखालील काळ्या रानात जमलेली गोष्ट सांगोल्याच्या मुरमाड माळावर जमेलच असे नाही आणि बार्शीकडची तूर पाहून मंगळवेढ्यात तशीच तूर घेणे शहाणपणाचे नाही. कृषी संशोधनाची शिफारस या बाबतीत वेगळी असते, कारण ती कोणत्या जमिनीसाठी, किती पाण्यासाठी आणि कोणत्या हंगामासाठी आहे हे तिच्यातच सांगितलेले असते. त्या अटी वाचायला शिकणे हे नवख्या शेतकऱ्याचे पहिले काम आहे, असे माझे ठाम मत आहे. पिके, जनावरे आणि शेतातून मिळणारी ऊर्जा या तिन्हींचा विचार पुढे त्याच क्रमाने केला आहे.

पहिली पायरी : आपले रान समजून घ्या

कोणत्याही संशोधन केंद्रात गेलात तरी पहिला प्रश्न जमिनीच्या खोलीबद्दल असतो आणि बहुतेक नवख्यांकडे त्याचे उत्तर नसते. उन्हाळ्यात रान मोकळे असताना तीन-चार ठिकाणी कुदळीने खड्डे घ्यावेत आणि मुरूम किंवा चुनखडीचा थर कोठे लागतो ते टेपने मोजावे. साधारणपणे ३० सेंटीमीटरपर्यंत माती असेल तर जमीन हलकी, ६० सेंटीमीटरपर्यंत मध्यम आणि त्याहून खोल असेल तर भारी धरतात. एकाच गटात वरच्या बांधाकडे हलके रान आणि ओढ्याकडे भारी रान असणे आपल्याकडे नेहमीचेच आहे, म्हणून एका खड्ड्यावरून सगळ्या गटाचा निष्कर्ष काढू नये. खड्ड्यातील ढेकळावर सौम्य आम्लाचे थेंब टाकल्यावर माती फसफसली तर तीत चुनखडी आहे असे समजावे. अशा रानात लोहासारखी अन्नद्रव्ये मातीत असूनही पिकाला मिळत नाहीत आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. ऊस आणि डाळिंब लावू इच्छिणाऱ्यांनी ही गोष्ट लागवडीआधीच जाणून घ्यावी, कारण नंतर कितीही फवारण्या केल्या तरी जमीन बदलत नाही.

माती परीक्षणासाठी नमुना घेताना रानाचे एकसारखे भाग पाडून प्रत्येक भागात दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा करावा आणि त्याच्या कडेची वरपासून वीस-बावीस सेंटीमीटरपर्यंतची माती सारख्या जाडीने खरवडून घ्यावी. सगळी माती स्वच्छ कापडावर एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत आणि सुमारे अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच पुन्हा करावे. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेवरची किंवा नुकतेच खत टाकलेल्या रानातील माती घेऊ नये. नमुना खताच्या रिकाम्या पोत्यात कधीही भरू नये, कारण त्यामुळे अहवालच खोटा येतो. फळबाग लावायची असेल तर ३०, ६० आणि ९० सेंटीमीटरपर्यंतच्या थरांचे नमुने वेगवेगळे द्यावेत.

बोअरच्या पाण्याचीही तपासणी करावी. मोटर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून मग बाटली भरावी, म्हणजे पाइपात साचलेले जुने पाणी नमुन्यात येत नाही. पाण्यातील क्षारांचे प्रमाण कळल्याशिवाय ठिबकचा खर्च करणे धोक्याचे आहे. शिवाय पाणी किती महिने टिकते याची नोंद चांगल्या वर्षाची धरू नये, वाईट वर्षाची धरावी. सोलापूरचा पाऊस सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा मोठा भाग सप्टेंबरात पडतो, म्हणून फेब्रुवारीनंतर विहिरीत काय उरते त्यावरच बागायतीचा निर्णय घ्यावा.

दुसरी पायरी : कोणत्या दारी काय विचारावे

सोलापूर या बाबतीत भाग्यवान आहे. कोरडवाहू शेतीचे संशोधन येथे १९३३ साली सुरू झाले आणि ती परंपरा आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या, म्हणजे राहुरीच्या विद्यापीठाच्या, सोलापुरातील संशोधन केंद्रात चालू आहे. कमी पावसात ओल कशी धरून ठेवावी, कोणते आंतरपीक घ्यावे, पाऊस लांबला तर पेरणीचा बेत कसा बदलावा हे प्रश्न तेथे विचारावेत. करडईवरही सोलापुरात दीर्घकाळ काम झालेले आहे. मोहोळचे केंद्र रब्बी ज्वारीसाठी जुने असून मालदांडी ३५-१ हा वाण तेथूनच निवड पद्धतीने पुढे आला. हैदराबादच्या भारतीय श्रीअन्न संशोधन संस्थेचेही रब्बी ज्वारीचे केंद्र सोलापुरात आहे. डाळिंबासाठी पुणे रस्त्यावर केगाव येथे २००५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. उसासाठी पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांच्या शिफारशी पाहाव्यात.

नवख्याने मात्र सुरुवात कृषी विज्ञान केंद्रापासून करावी. जिल्ह्यात उत्तर सोलापूर तालुक्यात खेड येथे एक आणि मोहोळ येथे एक अशी दोन केंद्रे आहेत. संशोधन केंद्राचे काम नवे ज्ञान तयार करण्याचे असते, तर कृषी विज्ञान केंद्राचे काम ते ज्ञान जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या रानात तपासून दाखवण्याचे असते. तेथे पीक, माती, पशुसंवर्धन आणि गृहविज्ञान या विषयांचे तज्ज्ञ एकाच छताखाली भेटतात आणि आपला प्रश्न नेमका कोणाचा आहे हे ते सांगू शकतात. अनुदान, पीक विमा, ठिबक आणि शेततळ्याचे अर्ज यांसाठी गावचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) आणि तालुका कृषी अधिकारी यांना भेटावे. ते काम संशोधकांचे नाही. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत असून तेथे मराठीत उत्तर मिळते, पण रोगाचे निदान फोनवरून करून घेऊ नये.

प्रश्न घेऊन जाताना हात हलवत जाऊ नये. पिकावर काही आले असेल तर आजारी झाड मुळासकट उपटून, मुळांची माती हळूच झटकून, वर्तमानपत्रात गुंडाळून न्यावे आणि सोबत त्याच रानातले एक निरोगी झाडही न्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला नमुना वाटेतच सडतो आणि मग सडण्याचे मूळ कारण कोणालाच सांगता येत नाही. पेरणीची तारीख, वाण, शेवटचे पाणी, दिलेली खते आणि केलेल्या फवारण्या एका कागदावर लिहून न्याव्यात. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मारलेले औषधही त्यात लिहावे, लपवू नये.

तिसरी पायरी : शिफारस वाचायला शिका

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या राज्यातील चारही कृषी विद्यापीठांचे संशोधन संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या वार्षिक बैठकीत मांडले जाते. संशोधन केंद्रावर काही हंगाम चाचण्या घेऊन आलेले निष्कर्ष तेथे तपासले जातात आणि पसंत पडले तरच त्यांना शिफारशीचे रूप मिळते. त्यामुळे शिफारशीतील प्रत्येक शब्द मोजून लिहिलेला असतो. ‘पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण विभागातील मध्यम खोल जमिनीत, जिरायत परिस्थितीत’ अशी सुरुवात असेल, तर त्या चारही गोष्टी आपल्याकडे आहेत का ते आधी पाहावे. एखादी जरी जुळत नसेल तरी त्या वाणाचा किंवा खताचा आकडा तसाच उचलू नये.

आकडे हेक्टरी असतात आणि आपण एकरात मोजतो, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी तिच्यामुळे अडीचपट खत पडल्याची उदाहरणे गावोगावी सापडतील. तसेच ४०:२० असे लिहिलेले असते तेव्हा ते ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद असते, युरियाच्या आणि सुपर फॉस्फेटच्या गोण्या नव्हेत. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून ४० किलो नत्रासाठी सुमारे ८७ किलो युरिया लागतो. हा हिशेब स्वतःला करता आला पाहिजे.

कीडनाशकांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. बाटलीवरील लेबलवर कोणत्या पिकासाठी व कोणत्या किडीसाठी ते औषध मंजूर आहे हे छापलेले असते, तसेच शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत हेही दिलेले असते. लेबलवर आपले पीक नसेल तर दुकानदाराने कितीही खात्री दिली तरी ते औषध घेऊ नये. डब्यावरील लाल त्रिकोण अतितीव्र विषाचा असतो. असे औषध हाताळण्याची सवय आणि संरक्षक साधने नसणाऱ्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

ज्वारी : सुरुवात करण्यासाठी सर्वांत योग्य पीक

जिरायत रान असलेल्या नवख्याने पहिल्या वर्षी रब्बी ज्वारीच घ्यावी असे मी आग्रहाने सांगतो. खर्च कमी, धान्य घरात आणि कडबा गोठ्यात, असे हे पीक आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि भाकरीच्या ज्वारीला सोलापूरच्या बाजारात ओळख आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संशोधनाचा सल्ला जमिनीनुसार कसा बदलतो हे या पिकात जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशातच दिसत नाही.

हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, भारी जमिनीसाठी फुले वसुधा किंवा फुले यशोदा आणि पाण्याची सोय असलेल्या भारी जमिनीसाठी फुले रेवती अशी निवड सांगितली जाते. कारण सरळ आहे. रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. हलक्या रानात ती ओल लवकर संपते, म्हणून तेथे लवकर तयार होणारा वाण हवा. उशिरा येणारा वाण हलक्या रानात पेरला तर फुलोऱ्यानंतर ओल तुटते, ताट आतून पोकळ होऊन खडखड्या रोग येतो आणि पीक आडवे पडते. हुरड्यासाठी फुले मधुर किंवा फुले उत्तरा हे वेगळे वाण आहेत आणि शहराजवळ रान असलेल्यांनी थोड्या क्षेत्रावर त्यांचा विचार जरूर करावा.

खरे काम पेरणीच्या आधी, पावसाळ्यात होते. उतार पाहून रानात लहान बंदिस्त वाफे पाडले की जून ते सप्टेंबरचा पाऊस जागच्या जागी मुरतो. वाफ्याचे आकारमान उतारानुसार बदलते, ते केंद्रावर विचारून घ्यावे. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी. त्याआधी पेरले तर खोडमाशीचा उपद्रव वाढतो आणि फार उशीर केला तर ओल पुरत नाही. एकरी चार किलो बियाणे, दोन ओळींत ४५ सेंटीमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटीमीटर अंतर पुरते. पेरणीपूर्वी किलोला ४ ग्रॅम या प्रमाणात ३०० मेशचे गंधक चोळल्याने कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरणारा काणी रोग टळतो. हा खर्च इतका थोडा आहे की तो न करण्याला कोणतेही कारण नाही. जिरायत मध्यम जमिनीत हेक्टरी ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद पेरणीच्या वेळीच दोन चाड्यांच्या, म्हणजे बी आणि खत वेगवेगळे सोडणाऱ्या, पाभरीने बियाण्याच्या खाली पडेल असे द्यावे.

उगवण झाल्यावर पहिला महिना रोज रानात फेरी मारावी. मधला पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने, वाळलेला दिसला तर तो दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहावा. तो सहज हातात आला, त्याचे बूड कुजलेले असले आणि त्याला घाण वास येत असला तर ती खोडमाशीची पोंगेमर आहे. पोंग्यातील पानांना ओळीने भोके आणि आत लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली तर ती लष्करी अळी समजावी. ही अमेरिकन कीड २०१८ पासून आपल्याकडे मक्याबरोबर ज्वारीवरही येते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून नुसते ‘पोंगा वाळला’ एवढे सांगून औषध आणू नये.

एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपली जुनी माणसे सांगत आली आणि संशोधनाने त्याला वेळापत्रक दिले. पहिली कोळपणी (ओळींमधली वरची माती मोकळी करणे) तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासाच्या कोळप्याने आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करावी. काळे रान वाळताना भेगाळते आणि भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. शेवटच्या कोळपणीने त्या भेगा मातीने बुजतात. विहिरीत एकच पाणी देण्याइतका साठा असेल तर पीक पोटरीत येताना, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असताना, ५० ते ५५ दिवसांनी ते द्यावे.

खरिपात रिकामे राहणाऱ्या दुसऱ्या तुकड्यावर बाजरी आणि तूर दोनास एक ओळ या प्रमाणात घेता येते. पाऊस लवकर थांबला तर बाजरी हाती लागते आणि परतीचा पाऊस झाला तर तूर साधते.

डाळिंब : घाई करू नये असे पीक

सोलापूरच्या डाळिंबालाही भौगोलिक मानांकन आहे आणि भगव्या वाणाने जिल्ह्यातील अनेक घरे उभी केली, हे खरे आहे. तितकेच खरे हे की तेल्या आणि झाड वाळवणारा मर या दोन रोगांनी अनेक बागा मुळासकट काढायला लावल्या. पहिल्या वर्षी शेती शिकत असताना डाळिंब लावू नये, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. पानांवर व फळांवर तेलकट डाग पडतात आणि पुढे फळ तडकते. तो आजारी रोपांतून बागेत शिरतो, छाटणीच्या कात्रीतून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो आणि पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर पसरतो. ही तीन दारे बंद करणे हाच मुख्य उपाय आहे. रोपे रोगमुक्त मातृवृक्षांपासून केलेली आहेत याची खात्री पटल्याशिवाय घेऊ नयेत आणि छाटणी करताना प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून काढावी. मृग बहारात, म्हणजे जून-जुलैत धरलेल्या बहारात, फळे ऐन पावसात वाढतात, म्हणून तेल्याग्रस्त भागात सप्टेंबर-ऑक्टोबरात धरलेला हस्त बहार अधिक सुरक्षित मानला जातो. लागवड साडेचार बाय तीन मीटरवर, म्हणजे एकरी सुमारे ३०० झाडे, एवढीच ठेवावी. दाट लावून लवकर उत्पन्न काढण्याच्या मोहात बागेत हवा खेळत नाही आणि रोगाला घर मिळते.

छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. त्यासाठी एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवावा, ही दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतत ढवळावीत आणि एकूण पाणी १०० लिटर होईल असे पाहावे. मग त्यात लोखंडी सुरीचे पाते थोडा वेळ बुडवून बाहेर काढावे. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर मोकळे तांबे शिल्लक आहे आणि फवारले तर पाने करपतील; अशा वेळी पाते स्वच्छ राहीपर्यंत चुन्याची निवळी घालत जावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

जनावरे : आधी चारा, मग दावण

नवख्यांचा क्रम बहुधा उलटा असतो. आधी गाई आणतात आणि मग चारा शोधतात. एका मोठ्या दुभत्या जनावराला रोज साधारण २० ते २५ किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो वाळलेला चारा आणि दुधाच्या प्रमाणात खुराक लागतो. म्हणजे एका जनावराला वर्षाकाठी सुमारे दोन टन कडबा हवा. हा चारा विकत घ्यायचा ठरवला तर दुष्काळी वर्षात कडब्याचा शेकडा (शंभर पेंढ्यांचा) दर दुधाचा सगळा पैसा खाऊन टाकतो. म्हणून आपल्या रानात किती ज्वारी, मका आणि बहुवार्षिक गवत निघते हे आधी मोजावे आणि तेवढीच जनावरे ठेवावीत. थोडे पाणी असेल तर फुले जयवंत हे संकरित नेपिअर गवत आणि लसूणघास यांचा लहान तुकडा बारमाही ठेवता येतो.

जात निवडताना सोलापूरचा उन्हाळा विसरू नये. चाळीस अंशांच्या वर पारा जातो तेव्हा विदेशी रक्ताची संकरित गाय धापा टाकते, खाणे कमी करते आणि दूध घटवते. तिच्यासाठी सावली, पाणी आणि हवेची सोय करण्याची ऐपत असेल तरच ती आणावी. पंढरपुरी म्हैस या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली आहे. खिल्लार बैल कामासाठी उत्तम, पण गाय दुधाला कमी असते, हे ठाऊक ठेवून ती घ्यावी. भूमिहीन किंवा अल्पभूधारकासाठी उस्मानाबादी शेळी मला सर्वांत योग्य वाटते, कारण ती जुळी देते आणि बांधावरच्या पाल्यावरही भागवते.

मुरघास हे कोरड्या भागासाठी फार मोलाचे तंत्र आहे. मक्याचे दाणे चिकातून घट्ट होऊ लागले की, म्हणजे साधारण ८० ते ९० दिवसांनी, कापणी करून एक-दोन सेंटीमीटरची कुट्टी करावी. मूठभर कुट्टी घट्ट दाबून मूठ उघडावी. पाणी गळले तर चारा फार ओला आहे, गोळा लगेच फुटून विखुरला तर फार वाळला आहे आणि गोळा सावकाश उमलला तर ओल बरोबर आहे. भरताना प्रत्येक थर तुडवून हवा काढावी. हवा राहिली तेथे बुरशी येते. सुमारे ४५ दिवसांनी आंबूस गोड वासाचा, पिवळसर हिरवा मुरघास तयार होतो. काळपट आणि बुरशीचा भाग जनावरांना मुळीच घालू नये.

येथे एक गंभीर सूचना देणे आवश्यक आहे. कोवळी, पाण्याअभावी खुरटलेली किंवा कापणीनंतर फुटवे आलेली ज्वारी हिरवी खाऊ घातल्यास जनावराला किरळ लागते. अशा ताटांत विषारी आम्ल तयार होते आणि धाप लागून, तोल जाऊन जनावर थोड्याच वेळात दगावू शकते. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी चारू नये, उपाशी जनावर ज्वारीच्या रानात सोडू नये आणि लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब न करता पशुवैद्यकाला बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी, लाळ्या खुरकूताची वर्षातून दोनदा आणि शेळ्यांना आंत्रविषार व पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) यांच्या लसी टोचून घ्याव्यात. २०२२ मध्ये लम्पीने केलेले नुकसान पाहता गाईंना तीही लस द्यावी.

ऊर्जा : घरापासून सुरुवात

शेतातून मिळणाऱ्या ऊर्जेबद्दल सध्या बरेच बोलले जाते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर उसापासून व धान्यापासून इथेनॉल वाढले, प्रेसमडपासून, म्हणजे साखर कारखान्यातील रसाच्या गाळापासून, बायोगॅस करण्याचे प्रकल्प आले आणि नेपिअर गवत लावून इंधन कंपनीला विकण्याच्या योजना गावोगाव सांगितल्या जाऊ लागल्या. नवख्याने मात्र गोबर गॅसपासून सुरुवात करावी. रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे असतील, तर दोन घनमीटरचे संयंत्र चालते आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. शेणाइतकेच पाणी मिसळावे लागते, म्हणून दुष्काळात रोजचे ५० लिटर पाणी कोठून येणार हे बांधण्याआधी ठरवावे. संयंत्र गोठा आणि स्वयंपाकघर यांच्या जवळ, उन्हात आणि विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावे. बाहेर पडणारी मळी हे उत्तम खत आहे. माझ्या दृष्टीने गॅसपेक्षाही तीच मोलाची आहे, कारण आपल्या जमिनींत सेंद्रिय कर्ब कमी असतो.

नेपिअर किंवा अन्य ऊर्जापिकाचा करार समोर आला तर तीन प्रश्न लेखी विचारावेत : भाव ओल्या वजनावर की कोरड्या वजनावर, कापणी व वाहतूक कोणाकडे, आणि प्रकल्प उभा आहे की उभा राहणार आहे. २००३ नंतरच्या काळात जट्रोफाची लागवड पडीक जमिनीवर भरघोस तेल देईल म्हणून देशभर सुचवली गेली, पण पाण्याविना अपेक्षित उत्पादन मिळाले नाही. नेपिअरलाही टनांत उत्पादन द्यायचे तर पाणी लागतेच आणि सोलापुरात त्या पाण्यावर पहिला हक्क चाऱ्याचा आहे. साखर कारखान्याच्या परिसरात गोड ज्वारीचा विचार करता येतो, कारण तिच्या रसापासून इथेनॉल बनते आणि कणीस व चोथाही उपयोगी पडतो; परंतु रस काढून घेणारे कोणी जवळ असल्याशिवाय ती पेरू नये.

उसाचे पाचट जाळू नये. एका टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरून ते सरीतच कुजवावे.

पहिल्या हंगामाची चाचणी

कोणतीही नवी शिफारस सगळ्या रानावर एकदम लावू नये. एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या जमिनीत, दहा गुंठ्यांवर शिफारशीप्रमाणे आणि शेजारच्या दहा गुंठ्यांवर गावच्या रिवाजाप्रमाणे पीक घ्यावे. दोहोंमध्ये बदल एकाच गोष्टीचा ठेवावा. वाणही बदलला आणि खतही बदलले तर फरक कशामुळे पडला हे कळत नाही. कापणी वेगळी करावी, धान्य आणि कडबा दोन्ही वजन करावेत आणि मजुरीसकट खर्च लिहावा. वहीत पावसाची तारीख व मिलिमीटर, पेरणी, कोळपणी, फवारणी, उत्पादन आणि विक्रीचा भाव एवढे रकाने पुरेसे आहेत. पावसासाठी साधे पर्जन्यमापक रानात बसवावे, कारण महसूल मंडळाच्या ठिकाणी पडलेला पाऊस आणि आपल्या बांधावर पडलेला पाऊस यांत आपल्याकडे फार मोठा फरक असतो.

ही वही घेऊन उन्हाळ्यात पुन्हा कृषी विज्ञान केंद्रात जावे. तेथील तज्ज्ञ दरवर्षी शेतकऱ्यांच्या रानात चाचण्या आणि आद्यरेषीय प्रात्यक्षिके, म्हणजे नव्या तंत्राची रानातली प्रात्यक्षिके, घेतात आणि ज्यांच्याकडे नोंदी असतात अशा शेतकऱ्यांची त्यांना गरज असते. आपले नाव त्यासाठी द्यावे. त्यात बियाणे व काही निविष्ठा मिळतात आणि हंगामात तज्ज्ञ आपल्या बांधावर येतात. खरिपाच्या प्रात्यक्षिकांसाठी मे महिन्यात आणि रब्बीसाठी ऑगस्टमध्ये विचारणा करावी, सोबत सातबारा, माती परीक्षणाचा अहवाल आणि ती वही न्यावी.